टायगरची गोळी

18 जून 2025 रोजी विशाखापट्टणमला ‘आयएनएस अर्नाळा’ ही युद्धनौका नौदलात दाखल झाली, तेव्हा आमच्या गावाची मान ताठ झाली. आमच्या किल्ल्याचं नाव लावून 77 मीटरची बोट समुद्रात उतरते, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. एसटीच्या थांब्यावर, मासळी बाजारात, केस कापायच्या दुकानात दुसरा विषय नव्हता. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात दडून बसलेली शत्रूची पाणबुडी हुडकायची आणि निकालात काढायची, हे या बोटीचं काम. पेपरात ते वाचून सगळ्यांनी माना डोलावल्या. पण महिना जूनचा होता. जूनमध्ये अर्नाळ्यात उथळ पाणी कुठे कुठे असतं आणि त्यात कोण दडून बसलेलं असतं, हे ज्याला ठाऊक आहे तो मनातल्या मनात एवढंच म्हणाला, की बोट चांगली आहे, पण नेऊन ठेवलीय भलतीकडे.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. होड्या वाळूवर ओढलेल्या, वर ताडपत्री बांधलेली. ताडपत्रीला मधे पोट सुटतं, त्यात पाणी. होडीच्या कुशीला धक्का लागू नये म्हणून टांगलेले जुने टायर, त्यात पाणी. मासळीच्या बर्फाचे थर्माकोलचे खोके, कान तुटलेले निळे ड्रम, करवंट्या, रिसॉर्टवाल्यांनी सुरूच्या झाडांखाली सोडलेले प्लास्टिकचे पेले, सगळ्यांत पाणी. लोक बोट दाखवतात वाडीतल्या बावखलांकडे, म्हणजे छोट्या तळ्यांकडे. ती बिचारी उगाच बदनाम. बावखलात मासे असतात, बेडूक असतात, ते आपापलं पोट भरतात आणि आपलंही काम करतात. खरा कारखाना घरामागच्या ड्रममध्ये चालतो.

एखाद्या ड्रमवर वाकून पाहा. पाण्याच्या वरच्या थराला बारीक काड्या तिरक्या लटकलेल्या दिसतात, डोकं खाली आणि शेपटी वर. शेपटीच्या टोकातल्या नळीने त्या श्वास घेतात. तुमची सावली पडली, की सगळी पलटण वळवळत तळाला जाते आणि धोका टळला असं वाटलं, की एकेक करून वर येते. तिरकी लटकते ती क्युलेक्स नाहीतर एडीसची अळी, पाण्याला समांतर आडवी पडते ती अॅनॉफिलीसची. हिवतापाचे कर्मचारी एका नजरेत ओळखतात. आम्ही चावल्यावर ओळखतो.

आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून ‘कोरडा दिवस’ पाळा, असं आरोग्य खातं सांगतं. किनाऱ्यावर इतके रिसॉर्ट असलेल्या गावात हे शब्द मोठ्याने उच्चारले, की निम्मे लोक आधी दचकतात.

तर या सगळ्याच्या मधोमध आमचा टायगर राहतो. जात गावठी, रंग सुक्या बोंबलाचा, स्वभाव निवृत्त तलाठ्याचा. टायगर हे नाव कुणी ठेवलं ते कळत नाही, कारण दिवाळीत तो पलंगाखालून निघत नाही. दिवसभर वाळूत खड्डा करून पडायचं, संध्याकाळी वलांडीखाली जाऊन बसायचं. वर बोंबील वाळत असतात. त्यांची राखण करतो असं त्याचं म्हणणं, आणि ज्यांचे बोंबील आहेत त्यांचं म्हणणं वेगळं. दिवेलागणीला डास उठतात तेव्हा तो तिथेच असतो. कुत्र्याला केस असतात म्हणून डास चावत नाहीत, हा आपल्याकडचा पक्का समज. एका संध्याकाळी त्याच्याजवळ नुसतं बसून पाहावं. डास नाकाच्या काळ्या ओल्या शेंड्यावर बसतो, कानाच्या आतल्या गुलाबी कातडीवर बसतो, पोटाखाली जिथे केस विरळ तिथे बसतो. टायगर कान फडकवतो, नाक चाटतो, हवेत दात आपटतो. दहा वेळा आपटले तर एखादा डास सापडतो. उरलेले नऊ पोटभर जेवून जातात.

हे सगळं आम्ही वर्षानुवर्षं पाहत होतो आणि त्यात पाहण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलं नव्हतं. मग ह्यूस्टनहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. भाचा अमेरिकेत गेल्यापासून त्याला आमची तब्येत, गॅसचा पाइप, विम्याचा हप्ता या सगळ्यांची काळजी लागून राहिलेली असते. त्या दिवशी पाळी टायगरची होती.

“मामा, टायगरला हार्टवर्मची गोळी देता ना?”

“कसली?”

“हार्टवर्म. हृदयातले जंत. डासांमुळे होतात.”

मागून मामींनी कोळंबी सोलता सोलता सांगितलं, “जंताची गोळी दिलीय म्हणावं. गणपतीच्या आधीच दिलीय.”

“मामी, ती पोटातल्या जंतांची. ही वेगळी. हे हृदयात राहतात. फूटभर लांब असतात.”

कोळंबी सोलायची थांबली. “फूटभर?”

“मादी 10 ते 12 इंच. नर साधारण निम्मा.”

“अगं बाई! आणि किती असतात?”

“एका कुत्र्यात अडीचशेपर्यंत सापडल्याच्या नोंदी आहेत.”

मामींनी टायगरकडे पाहिलं. टायगरने कोळंबीकडे पाहिलं.

भाच्याने मग फोटो पाठवला. एकदा पाहिला, की खिरीतल्या शेवया महिनाभर खाता येत नाहीत. फोटोखाली त्याने सगळा कारभार सविस्तर लिहिला होता. आजारी कुत्र्याच्या रक्तात या जंतांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं फिरत असतात. डास रक्त पितो तेव्हा ती त्याच्या पोटात जातात आणि दहा ते चौदा दिवसांत तयार होतात. त्यासाठी उबदार हवा लागते. ती आम्ही बारा महिने फुकट पुरवतो. मग तो डास दुसऱ्या कुत्र्याला चावला, की ती कातडीत शिरतात, हळूहळू पुढे सरकत फुफ्फुसाच्या धमन्यांत आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यात जाऊन बसतात. सहा-सात महिन्यांत वयात येतात, संसार थाटतात आणि पाच ते सात वर्षं तिथेच मुक्काम करतात. विरारला अकरा महिन्यांवर कुणाला राहायचं असेल तर घरमालक नवा करार, अनामत आणि दलाली मागतो. इथे सगळं तोंडी.

लक्षणंही त्याने कळवली होती. बारीक खोकला, लवकर दमणं, हालचालीचा कंटाळा, वजन उतरणं, शेवटी पोट फुगणं. आम्ही यादी घेऊन टायगरसमोर बसलो. हालचालीचा कंटाळा त्याला जन्मापासून. दमतो तो जेवणाच्या ताटापर्यंत चालत जाऊनसुद्धा. खोकला ऐकू आला, पण तो माझा होता.

अमेरिकेच्या त्या भागात मेक्सिकोच्या आखातालगत डास भरपूर आणि हा रोगही भरपूर, त्यामुळे तिकडे पशुवैद्याकडे गेलं की पहिला प्रश्न हाच असतो. 2005 साली कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सच्या बाजूची हजारो कुत्री वाचवून देशभरात दत्तक दिली, तेव्हा तपासलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या रक्तात हार्टवर्मची खूण सापडली. म्हणजे माणसांनी दयाबुद्धीने कुत्री हलवली आणि जंत आपोआप नव्या गावाला पोचले. हे वाचताना मला आमचे शनिवार-रविवार आठवले. मुंबईहून मोटारीतून येणारी मंडळी आताशा मुलांना घरी ठेवतील पण हस्की सोबत आणतात. बर्फातला तो प्राणी मे महिन्यात अर्नाळ्याच्या वाळूवर जीभ लोंबवून बसलेला असतो, शेजारी आयस्क्रीम खाणारा मालक. कुणाचं कुत्रं दिल्लीहून विकत घेतलेलं, कुणाचं बेंगळुरूहून बदलीवर आलेलं, कुणाचं गुवाहाटीहून. आमच्या डासांना देशभरचं रक्त घरपोच मिळतं. पाहुणे रविवारी रात्री परत जातात, डास जात नाही.

ही बातमी बाहेर फुटली आणि सल्ले सुरू झाले. अर्नाळ्यात सल्ल्याला भरती-ओहोटी नसते.

एकाने ओडोमॉस लावायला सांगितलं. लावलं. टायगरने ते मनापासून चाटून काढलं आणि आणखी मागितलं. (कुत्र्याच्या पोटात ते जाणं चांगलं नाही, हे नंतर डॉक्टरांनी दोनदा बजावलं, म्हणून इथेही लिहून ठेवतो.) दुसऱ्याने कासव छाप अगरबत्ती सुचवली, समुद्रावरच्या वाऱ्यात तिचा धूर थेट शेजाऱ्यांच्या देवघरात गेला. तिसऱ्याने गोठ्यात करतात तशी कडुलिंबाची धुरी करायला सांगितली. ही सूचना जुनी आणि सभ्य. पोर्तुगीज या बेटाला गाईंचं बेट म्हणायचे, तेव्हाही कुणीतरी धुरी करतच असणार. डास जरा दूर गेले, पण धुरीत सर्वांत आधी टायगरच पळाला. मच्छरदाणी लावून पाहिली. ती त्याने पांघरली, फाडली आणि तिच्यात अडकून रात्री दोन वाजता असा ओरडला, की शेजारी काठ्या घेऊन जमले.

पण खरी शर्थ केली ती शेजारच्या अप्पांनी. ते फ्रिज उघडून एक पट्टी घेऊन आले. “भाच्याने औषधाचं नाव काय सांगितलं? आयव्हरमेक्टिन? ही बघा. कोविडच्या वेळची उरलीय. अर्धी देऊन टाका.”

इथे थोडा इतिहास सांगणं भाग आहे. 2021 च्या मे महिन्यात गोवा सरकारने जाहीर केलं होतं, की अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या द्यायच्या, कोविड असो वा नसो. जागतिक आरोग्य संघटना नको म्हणत होती. पण त्या दिवसांत कोण कुणाचं ऐकत होतं? गोव्याला जाहीर झालं की कोकणपट्टीभर औषधाच्या दुकानांत रांग लागते. अप्पांनीही घेतली होती, अमुक दिवस अमुक गोळ्या, आणि उरलेली जपून ठेवली होती, कारण अप्पा काहीच टाकत नाहीत. ती पट्टी 12 मिलिग्रॅमची होती.

आता हिशेब पाहा. हार्टवर्म होऊ नये म्हणून कुत्र्याला हे औषध लागतं किलोमागे 6 मायक्रोग्रॅम, महिन्यातून एकदा. टायगर 20 किलोचा. म्हणजे त्याला हवं 120 मायक्रोग्रॅम. अप्पांच्या एका गोळीत 12,000. शंभर महिन्यांचा डोस. अर्धी दिली तर चार वर्षं दोन महिन्यांचं औषध एका घासात. अप्पांना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. “मग तर बरंच झालं की! सारखं सारखं द्यायला नको.”

त्यांची समजूत घालायला तास गेला. बहुतेक कुत्री असा मार पचवतीलही, पण कोली आणि तिच्या भाऊबंद जातींतल्या अनेक कुत्र्यांत एका जनुकाचा दोष असतो. औषधाला मेंदूपासून दूर ठेवणारी त्यांची यंत्रणाच लंगडी असते. अशा कुत्र्याला जास्तीचा डोस गेला, की ते लडखडतं, आंधळं होतं, बेशुद्ध पडतं, मरतंही. टायगरच्या सात पिढ्यांत कोण होतं हे टायगरलाही माहीत नाही. त्यातून गुरांना टोचायचं याच औषधाचं इंजेक्शन असतं. एका मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम. ‘गाईला चालतं तर कुत्र्याला का नाही’ असं म्हणणारा दूधवाला प्रत्येक गावात एक असतो. आमच्याकडेही आहे.

शेवटी विरारला डॉक्टरबाईंकडे गेलो. जुन्या पिढीतला माणूस जनावर आजारी पडलं की परळचं बैलघोडा हॉस्पिटल गाठायचा. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं ते रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून उभं आहे, तरी मराठी माणसाने त्याचं नाव बैलघोडाच ठेवलं. आता विरारमध्येच दवाखाने झालेत, बैल आणि घोडा दोन्ही गेले आणि बाकावर पग बसलेले असतात.

डॉक्टरबाईंनी आमचं सगळं शांतपणे ऐकलं आणि भाच्याच्या उत्साहावर अर्धा पेला पाणी ओतलं. “काका, हृदयातला जंत आपल्या देशात जास्त नोंदला गेलाय तो ईशान्येकडे, आसाम-मिझोरामच्या बाजूला. 2010 साली एक पाहणी छापून आली होती, मुंबई, दिल्ली, सिक्कीम आणि लडाखच्या कुत्र्यांची. मुंबईच्या कुत्र्यांत मिळाला तो याचा चुलतभाऊ. तो हृदयात नाही, कातडीखाली राहतो.”

“म्हणजे काळजी नाही?”

“काळजी नाही कसं म्हणू? तोही डासच आणून सोडतो. आणि तो अधूनमधून माणसालाही होतो. केरळात लोकांच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागातून जिवंत जंत काढल्याच्या बऱ्याच नोंदी आहेत.”

आम्ही दोघांनी एकाच वेळी डोळे चोळले.

मग त्यांनी टायगरच्या कानामागचे केस बाजूला केले आणि आम्हाला बोलावून दाखवलं. राखाडी, तुकतुकीत, वाटाण्याएवढ्या फुगलेल्या दोन गोचिडी आणि त्यांच्याभोवती बारीक तपकिरी पिल्लावळ. “डासाचं बघूच. पण इकडे कुत्री जातात ती जास्त करून गोचिडीच्या तापाने. ह्यूस्टनच्या जंताची चौकशी करता आणि अर्नाळ्याची गोचीड कानामागे आठ दिवस राहते, ते दिसत नाही?” मामी म्हणाल्या, की कान पाहायचं काम यांच्याकडे होतं. मी म्हणालो, की आंघोळीचं काम कुणाकडे होतं? डॉक्टरबाईंनी टायगरला धरलं आणि आमचं होईपर्यंत वाट पाहिली.

गोळी त्यांनी लगेच दिली नाही. आधी रक्त. कुत्र्याच्या रक्तात जंतांची पिल्लं आधीपासून भरपूर असतील आणि वरून औषध गेलं, तर ती एकदम मरून अंगावर भलतीच प्रतिक्रिया येऊ शकते. म्हणून एक थेंब काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा आणि एक चाचणी प्रौढ मादीची खूण शोधणारी करायची. तीही जंत शिरल्यापासून सहाएक महिने होईपर्यंत काही बोलत नाही, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा करायची. आणि समजा निघालाच रोग? त्यावरचं मुख्य औषध म्हणजे आर्सेनिकचं, आपल्या सोमलाचं, संयुग. पाठीच्या खोल स्नायूत टोचायचं, आणि मरणाऱ्या जंतांचे तुकडे फुफ्फुसात अडकू नयेत म्हणून कुत्र्याला महिनोन्महिने पळू द्यायचं नाही. शिवाय ते आपल्याकडे सहज मिळत नाही. टायगरला न पळण्याचा भाग सोपा गेला असता, पण बाकी काही सोपं नव्हतं. रक्तात काही निघालं नाही. गोचिडीचं औषध आणि महिन्याची गोळी घेऊन आम्ही परतलो.

या गोळीमागे किती लोकांचे हात आहेत हे पाहिलं, की टायगरला बसून नीट समजावून सांगावंसं वाटतं. डास नुसता चावत नाही, जंतही वाढवतो, हे प्रथम दाखवलं पॅट्रिक मॅन्सन यांनी, 1877 साली, चीनमधल्या अमॉय बंदरात. तेही माणसाच्या हत्तीरोगाच्या जंतांवर. त्यांनी अंगात जंत असलेल्या आपल्या माळ्यालाच डासांच्या खोलीत झोपवलं. अर्नाळ्यात असते तर खोलीचा खर्च वाचला असता. पुढे 1947 च्या सुमारास अमेरिकेत लेडर्ले प्रयोगशाळेत आंध्रच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने हत्तीरोगाचं औषध शोधलं, डीईसी. आजही हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत घरोघर वाटतात तीच गोळी. अमेरिकेत कुत्र्यांना हार्टवर्म होऊ नये म्हणून कितीतरी वर्षं तीच रोजच्या रोज देत. मग जपानमध्ये सातोशी ओमुरा नावाचे प्राध्यापक, जातील तिथली चिमूटभर माती पिशवीत घालून आणणारे. इतो गावाजवळच्या गोल्फ मैदानाकडच्या मातीत त्यांना एक जिवाणू सापडला, आणि अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांनी त्यातून निघालेल्या द्रव्याची जंतांवरची ताकद ओळखली. त्यातूनच पुढे आयव्हरमेक्टिन आलं. रोजच्या गोळीची महिन्याची गोळी झाली आणि दोघांना 2015 चं नोबेल मिळालं. गोल्फ खेळून कुणाचं काही भलं होतं यावर माझा विश्वास नव्हता, तो थोडा बसला.

एवढं सगळं झाल्यावर काम उरलं होतं फक्त गोळी कुत्र्याच्या पोटात जाण्याचं.

पहिल्या प्रयत्नात गोळी चपातीत घातली. टायगरने चपाती खाल्ली, गोळी कोरडी ठणठणीत बाहेर ठेवली. बोंबलात घातली. बोंबलाचं शेपूट, काटा, डोकं सगळं गेलं आणि गोळी फरशीवर, मधोमध. जबडा उघडून जिभेमागे ठेवली, तोंड मिटून धरलं, गळा चोळला. टायगरने शहाण्यासारखं गिळलं, शेपूट हलवलं, बक्षिसाचा तुकडाही घेतला. दारापर्यंत गेला आणि पायरीवर गोळी काढून ठेवली.

मामींना राग आला, पण मला टायगरची बाजू कळत होती. हत्तीरोगाच्या मोहिमेत गोळ्या वाटायला आशाताई येतात, तेव्हा त्या “माझ्यासमोर घ्या” म्हणून दारात का उभ्या राहतात? कारण माणूसही हेच करतो. आता जेवलो नाही, रात्री घेतो, ठेवून जा, असं म्हणतो आणि गोळ्या खिडकीत वर्षभर पडून राहतात. काहीजण तर गालात धरून हसत हसत निरोप देतात. जंत रक्तात आहेत का ते पाहायला आरोग्याची माणसं रात्री येतात, कारण हत्तीरोगाची पिल्लं रात्रीच रक्तात उतरतात. तेव्हा ‘एवढ्या रात्री कसलं रक्त?’ म्हणून दार लावून घेणाऱ्यांत आमच्या गल्लीचा नंबर वरचा असेल. आणि अपेक्षा मात्र अशी, की टायगरने सार्वजनिक आरोग्याचं महत्त्व ओळखून मुकाट गिळावं.

तोडगा निघाला तो वसईचाच. आगाशीकडची सुकेळी. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, मधासारखी चिकट. मामींनी एका सुकेळ्याला चीर दिली, गोळी आत दाबली आणि बाहेरून पुन्हा मिटवलं. टायगरने एकदा चावलं आणि त्याचे वरचे-खालचे दात एकमेकांना चिकटले. जीभ टाळूला चिकटली. आतली वस्तू वेगळी काढायची त्याची सगळी कारागिरी त्या चिकटपणापुढे थिटी पडली. दोन मिनिटं तोंडाची नाना प्रकारे हालचाल करून त्याने सगळं गिळलं आणि आमच्याकडे नव्या आदराने पाहिलं. आता महिन्याच्या 1 तारखेला सुकेळ्याच्या डब्याचं झाकण वाजलं, की तो आपणहून येऊन बसतो. पेन्शनर मंडळीही त्याच तारखेला बँकेत अशीच बसलेली असतात.

अडचण आता कुत्र्याची नाही, आमची आहे. चौथ्या-पाचव्या महिन्यात घरात विषय निघाला.

“एवढ्या गोळ्या दिल्या, फरक काय पडला?”

“काहीच नाही.”

“मग कशाला द्यायच्या?”

प्रतिबंधक औषधाची ही मोठी गैरसोय आहे. ताप उतरला की गोळीचं नाव होतं. तापच आला नाही, तर गोळी फुकट गेली असं वाटतं. काहीही न घडण्यासाठी पैसे मोजायचे ही कल्पना आपल्याला रुचत नाही. बुरुजावरच्या पहारेकऱ्याने संध्याकाळी येऊन ‘आज कोणी आलं नाही’ म्हणून सांगितलं, तर त्याचा पगार कापायचा, असला हा हिशेब. 1737 मध्ये मराठ्यांनी अर्नाळा घेतला आणि मग पुन्हा तटबंदी बांधली. घेतलाच आहे, आता भिंती कशाला, असं म्हणणारा तेव्हाही कुणीतरी असेल. तो आमच्या गल्लीतलाच असणार.

तेव्हा कुत्रं पाळणाऱ्या अर्नाळ्याच्या, आगाशीच्या आणि शनिवारी मोटारीतून येणाऱ्या सगळ्यांना माझं सांगणं एवढंच. पाऊस लागण्याआधी कुत्र्याचं वजन करा, रक्त तपासून घ्या आणि डॉक्टर त्या वजनाची गोळी लिहून देतील ती तारीख न चुकवता द्या. पोटातल्या जंताची गोळी वेगळी, ही वेगळी. कानामागे दर दोन दिवसांनी बोट फिरवा, गोचीड सापडेल. ड्रम उपडे करा, टायरला भोक पाडा, ताडपत्री ताणून बांधा. गाईचं इंजेक्शन गाईला राहू द्या.

आणि अप्पा, ती फ्रिजमधली पट्टी 2023 मध्येच बाद झाली. टाकून द्या. पण बावखलात नको.